घरच्या वापरासाठी माफक किमतीचा डीव्हीडी प्लेअर : वापरणाऱ्यांची मते हवी आहेत

कोथरूडकर यांनी विचारले :

नमस्कार. माझ्या सासूबाई आणि सासरे यांच्यासाठी एक साधा, टिकाऊ आणि खिशाला परवडणारा डीव्हीडी प्लेअर घ्यायचा आहे. त्यांच्या कपाटाचे दोन खण डिस्कनी भरलेले आहेत. त्यांत मराठी नाटकांच्या व्हीसीडी आहेत, कीर्तनांच्या आणि अभंगांच्या सीडी आहेत, मोझर बेअर कंपनी २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकू लागली त्या काळात लक्ष्मी रस्त्यावरून हौसेने आणलेले जुने चित्रपट आहेत, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे माझ्या नणंदेच्या लग्नाचे व पुतण्यांच्या मुंजीचे चित्रीकरण आहे, जे छायाचित्रकाराने त्या वेळी डीव्हीडीवर करून दिले होते आणि ज्याची दुसरी प्रत कोणत्याही नातेवाइकाकडे नाही.

घरातला जुना प्लेअर आता कधी डिस्क वाचतो, तर कधी बराच वेळ घरघर करून ‘नो डिस्क’ असे दाखवतो. दूरचित्रवाणी संच मात्र मागच्या दिवाळीत नवा घेतला आहे. तो ४३ इंची असून त्याला एचडीएमआयच्या जागा आणि यूएसबी आहे, पण पिवळी, लाल आणि पांढरी पिन लावण्याच्या जागा नाहीत. त्याऐवजी ‘एव्ही इन’ असे लिहिलेले एकच लहानसे गोल छिद्र आहे.

आमची मर्यादा साधारण साडेतीन हजार रुपयांची आहे. दोन दुकानांत विचारले असता, हल्ली डीव्हीडी कोणी पाहत नाही, सगळे मोबाइलवरच मिळते, असे उत्तर मिळाले. नणंदेचे लग्न मोबाइलवर कोठून मिळणार? ऑनलाइन पाहिले तर नामवंत कंपन्यांचे प्लेअर मोजकेच दिसतात आणि कधीही नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे पुष्कळ. सासूबाईंची दृष्टी आता अधू झाली आहे, त्यामुळे रिमोट सोपा असायला हवा. दुपारी नाटक अर्ध्यावर थांबवून संध्याकाळी तेथूनच पुढे पाहण्याची त्यांना सवय आहे. ज्यांनी असे प्लेअर प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सहकारनगर यांचे उत्तर :

आपण नाटक अर्ध्यावर थांबवण्याचा उल्लेख केलात, तो मुद्दा जाहिरातीत कोठेच नसतो आणि वयस्कर माणसांसाठी सर्वांत महत्त्वाचा असतो, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. जवळपास प्रत्येक प्लेअर थांबवलेली जागा लक्षात ठेवतो, परंतु त्यात दोन प्रकार आहेत. स्वस्त यंत्रांत बहुधा डिस्क आत असेपर्यंत आणि वीज चालू असेपर्यंतच ती जागा लक्षात राहते. भिंतीवरचे बटण बंद केले, की नाटक पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू होते. चांगल्या यंत्रात डिस्क काढून ठेवली आणि नंतर परत घातली तरी प्रयोग सोडलेल्या जागेपासून पुढे चालू होतो. आपल्या घरीही, रात्री झोपताना सगळी बटणे बंद करण्याची शिस्त असेल, तर दुकानात हे करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आमच्याकडे माझे वडील सोनीचा एचडीएमआय असलेला प्लेअर वापरतात, डीव्हीपी-एसआर ७६०एचपी हे त्याचे नाव. त्याच मालिकेतला डीव्हीपी-एसआर ३७० दिसायला जवळपास तसाच आहे आणि त्यालाही यूएसबी आहे, पण त्याला एचडीएमआय नाही. दोन्ही यंत्रांची नावे एकसारखी वाटत असल्यामुळे ऑनलाइन मागवताना हा फरक सहज नजरेतून निसटतो. आपल्या संचाचा विचार करता एचडीएमआय असलेलाच प्लेअर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, त्यामुळे मोलकरणीने झाडताना वायर सुटली तरी सासूबाईंना ती पुन्हा लावता येईल.

त्या गोल छिद्राचाही उपयोग होतो. पण त्यासाठी संचाबरोबर खोक्यात आलेली आखूड केबलच वापरावी लागते, जिच्या एका टोकाला तशी पिन असते आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, लाल व पांढरी जागा असते. बाजारात मिळणारी कोणतीही तशीच केबल चालेल, असे गृहीत धरू नये. पिनेवरच्या कड्यांपैकी कोणत्या कड्यावर चित्र आणि कोणत्या कड्यावर आवाज, हे प्रत्येक कंपनीत एकसारखे नसते. चुकीची केबल लावली तर चित्र येत नाही आणि उजव्या बाजूने गुणगुण ऐकू येते.

चित्राबाबत अपेक्षा आधीच नीट ठरवलेली बरी. खोक्यावर ‘१०८०पी अपस्केलिंग’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, परंतु भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर मुळात ७२० बाय ५७६ बिंदूंचेच चित्र असते, आणि व्हीसीडीवर तर केवळ ३५२ बाय २८८. प्लेअर मधल्या जागा अंदाजाने भरतो आणि त्यामुळे कडा थोड्या मऊ दिसतात, पण जे तपशील डिस्कवर नाहीत ते कोठून आणणार? ४३ इंची संचावर व्हीसीडीतल्या नाटकातले चेहरे पुसट दिसले, तर तो प्लेअरचा दोष नव्हे. आम्ही वडिलांची खुर्ची थोडी मागे सरकवली आणि संचातील ‘शार्पनेस’ कमी केला, तेव्हा व्हीसीडी पाहणे पुष्कळ सुखाचे झाले.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करावी. प्लेअरच्या सेटिंगमध्ये संचाचा आकार १६:९ निवडावा आणि जुने चौकोनी चित्रण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवूनच पाहावे. चित्र ताणून पडदाभर केले, की नवरा-नवरी आडवी पसरलेली दिसतात. घरातल्या मंडळींना त्या काळ्या पट्ट्या आधी खटकतात, पण चेहरे मूळ रूपात दिसू लागले की तक्रार राहत नाही. रिमोटवर थांबणे, चालू करणे आणि ट्रे उघडणे एवढ्या तीन बटणांवर आम्ही नेलपॉलिशचे ठळक ठिपके लावून दिले आहेत.

बुधवार पेठ दुरुस्ती यांचे उत्तर :

मी बरीच वर्षे पुण्याच्या तपकीर गल्लीच्या आसपास दृक्‌श्राव्य उपकरणांची दुरुस्ती करतो, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो. नवा प्लेअर घेण्याआधी मला आपल्याकडून एक गोष्ट कळायला हवी. आपला जुना प्लेअर व्हीसीडी आणि गाण्यांच्या सीडी व्यवस्थित वाचतो, आणि अडचण केवळ डीव्हीडीची आहे, असे आहे का?

हे विचारण्याचे कारण असे, की डीव्हीडी प्लेअरच्या एकाच लेन्सच्या मागे दोन वेगवेगळ्या लेझरची सोय असते. सीडी आणि व्हीसीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेझर वापरला जातो. बहुतेक वेळा त्यांपैकी डीव्हीडीचा लेझर आधी थकतो. त्यातही तो एकदम बंद पडत नाही, हळूहळू मंद होतो. कंपनीने छापलेली एका थराची डिस्क, म्हणजे ४.७ जीबीची, भरपूर प्रकाश परावर्तित करते, म्हणून ती थकलेल्या लेझरलाही वाचता येते. दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क आणि पुन्हापुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क यांच्यावरून परत येणारा प्रकाश फारच कमी असतो. छायाचित्रकाराने संगणकावर लिहून दिलेली, मागून जांभळट दिसणारी डिस्क या दोहोंच्या मध्ये येते. त्यामुळे ‘चित्रपट लागतो पण लग्न लागत नाही’ अशी तक्रार घेऊन जी गिऱ्हाइके येतात, त्यांची डिस्क पुष्कळदा निर्दोष असते आणि यंत्राचा पिकअप संपलेला असतो.

पिकअप म्हणजे लेन्स, लेझर आणि लेन्सला बारीक हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या असलेला भाग. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्लेअरमध्ये, मग खोक्यावर कोणतेही नाव असो, ठरावीक चार-सहा प्रकारचेच पिकअप वापरलेले आढळतात. ते बुधवार पेठेत काहीशे रुपयांत मिळतात. काम अर्ध्या तासाचे आहे, परंतु ते घरी करू नये. नव्या पिकअपच्या लहानशा पट्टीवर सोल्डरचा एक बारीक ठिपका मुद्दाम ठेवलेला असतो, जेणेकरून हातातल्या स्थिर विजेने लेझर जळू नये. चपटी फीत जोडल्यानंतर तो ठिपका काढावा लागतो. काढायचा राहिला तर नवा पिकअप घालूनही ‘नो डिस्क’ येतच राहते, आणि फीत जोडण्याआधी काढला तर लेझर निकामी होऊ शकतो.

ट्रे अडकत असेल तर बहुधा आतला लहान रबरी पट्टा सैल झालेला असतो. समोरचा दिवा लागतो पण यंत्र सुरूच होत नाही, अशी तक्रार असेल तर वीजपुरवठ्याच्या भागातला एखादा कॅपॅसिटर फुगलेला सापडतो. हे दोन्ही दोष स्वस्तात निघतात. मुख्य बोर्डाची चिप गेली असेल तर मात्र मी स्वतःच गिऱ्हाइकाला खर्च करू नका, असे सांगतो.

आता नव्याविषयी. आपल्या घरातील तीन डिस्क पिशवीत घालून दुकानात जावे : लग्नाची जांभळट डिस्क, एखादी लांब चित्रपटाची डीव्हीडी आणि सर्वांत जास्त चरे पडलेली व्हीसीडी. दुकानदार स्वतःची नवी डिस्क लावून दाखवील, तिच्यावर विसंबू नये. चित्रपट लावून सरळ शेवटच्या भागावर जावे. एका थराच्या डिस्कवरची माहिती मध्यापासून कडेकडे लिहिलेली असते, आणि बोटांचे ठसे, वाकलेपणा व डगडग हे सगळे कडेलाच जास्त असते. दोन थरांच्या डिस्कमध्ये चित्रपटाच्या मध्यावर कोठेतरी लेझर एका थरावरून दुसऱ्या थरावर जातो, तेथे क्षणभर चित्र थांबणे स्वाभाविक आहे. तेथे यंत्र चाचपडू लागले किंवा चौकटी-चौकटी दिसू लागल्या, तर तो प्लेअर खोक्यात परत ठेवण्यास सांगावे. याच वेळी कान जवळ नेऊन मोटरचा आवाजही ऐकावा. शांत खोलीत कीर्तन ऐकताना ती घरघर फार त्रासदायक होते.

प्लेअर स्वस्त आहे म्हणून वाईट, असे मी म्हणणार नाही. वीजपुरवठ्याची रुंदी मात्र मागच्या पट्टीवर वाचावी. तेथे १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले यंत्र आपल्याकडच्या विजेच्या चढउतारात जास्त तग धरते, असा माझा अनुभव आहे. ज्या प्लेअरला बाहेरून अडॅप्टर लागतो, त्याच्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आहे की नाही, तेही पाहावे.

हडपसर यांचे उत्तर :

माझ्याकडे अगदी स्वस्त, फारसे नाव नसलेल्या कंपनीचा प्लेअर आहे आणि त्याच्याविषयी चांगलेही सांगण्यासारखे आहे. त्याला समोर माइक लावण्याची जागा आहे. आईच्या भजनी मंडळाच्या बायका गुरुवारी घरी जमतात, तेव्हा अभंगाची सीडी लावून तिच्यावर माइकमधून गातात. बहुतेक महागड्या प्लेअरना ही सोय नसते. गणपतीत आरतीलाही आम्ही तोच वापरतो. चरे पडलेल्या व्हीसीडी तो बिनतक्रार वाचतो, हे विशेष म्हणावे लागेल.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. त्याचा रिमोट नीट समोर धरला तरच चालतो, बटणांवरची अक्षरे वर्षभरात पुसली गेली आणि तसा रिमोट दुसरीकडे मिळत नाही. समोरच्या पट्टीवरचा निळा दिवा इतका प्रखर आहे, की रात्री चित्रपट पाहताना त्यावर चिकटपट्टी लावावी लागली. चित्रात लाल रंग वाहिल्यासारखा दिसतो, कारण त्याला केवळ पिवळ्या पिनेची जोडणी आहे. आपल्या सासूबाईंसाठी मी हा सुचवणार नाही. ज्यांना मुख्यतः सीडी ऐकायच्या आणि गायचे आहे, त्यांनी अवश्य घ्यावा.

औंध यांचे उत्तर :

मी थोडे वेगळे मत मांडतो. आपल्या मर्यादेत नवा प्लेअर घेण्यापेक्षा संगणकाला यूएसबीने जोडता येणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्यावा, घरगुती चित्रीकरणाच्या सगळ्या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवाव्यात आणि ती संचाच्या यूएसबीला लावून द्यावी. प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या एकामागून एक या व्यवसायातून बाहेर पडत आहेत. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्ल्यू-रे प्लेअर आणणे थांबवले आणि आपण ज्या मोझर बेअरचा उल्लेख केलात, त्या कंपनीची तर २०१८ मध्ये अवसायनाची प्रक्रिया सुरू झाली. आज घेतलेल्या प्लेअरचा सुटा भाग पुढे मिळेलच, याची खात्री कोण देणार?

संगणकावर लिहिलेल्या डिस्कचे आयुष्य हाही प्रश्न आहे. छापील डिस्कमध्ये माहिती खड्ड्यांच्या रूपात साच्याने उमटवलेली असते, पण लिहिलेल्या डिस्कमध्ये ती सेंद्रिय रंगाच्या थरावर असते आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो रंग फिकट होत जातो. आपल्याकडच्या लग्नाच्या डिस्क नेमक्या याच प्रकारच्या आहेत.

सहकारनगर यांचे उत्तर :

औंधकरांचे म्हणणे लग्नाच्या डिस्कपुरते मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु घरात ज्यांना यंत्र वापरायचे आहे, त्यांचाही विचार व्हावा. हार्ड डिस्क लावली, की पडद्यावर इंग्रजी नावांची लांबलचक यादी येते, तिच्यातून खाली-वर करत हवे ते नाटक शोधावे लागते आणि एक बटण चुकले की संच भलत्याच ठिकाणी जातो. माझ्या वडिलांना कपाटातून वेष्टन काढणे, त्यावरचे नटांचे फोटो पाहणे आणि डिस्क ट्रेवर ठेवणे हे व्यवस्थित जमते, आणि कोणाला हाक न मारता ते स्वतःचे स्वतः नाटक लावतात. माझ्या दृष्टीने त्यासाठी तीन-साडेतीन हजार रुपये खर्च होणे मुळीच वावगे नाही.

बुधवार पेठ दुरुस्ती यांचे उत्तर :

दोन्ही कामे करावीत आणि क्रम मात्र औंधकर म्हणतात तोच ठेवावा : आधी लग्न आणि मुंज उतरवून घ्यावी, मग प्लेअर पाहावा.

उतरवताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डिस्क संगणकात उघडली की ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात जास्तीत जास्त एकेक जीबीच्या, व्हीओबी प्रकारच्या फायली असतात. तो संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा नकलून ठेवावा, कारण तीच मूळ गुणवत्तेची प्रत असते. सगळे संच व्हीओबी फायली वाचत नाहीत, म्हणून पाहण्यासाठी वेगळी एमपी४ प्रत करावी. प्लेअरला किंवा संचाला लावायचा पेन ड्राइव्ह फॅट३२ या फायली साठवण्याच्या पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि स्वस्त प्लेअर बहुधा फॅट३२ शिवाय दुसरी पद्धत ओळखत नाहीत. पेन ड्राइव्ह बिघडला आहे असे समजून लोक नवा विकत आणतात, प्रत्यक्षात अडचण एवढीच असते.

जी डिस्क वाचताना अडखळते तिला पाण्याने ओला केलेल्या मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवून कधीही पुसू नये. आडवा चरा लेझर पुष्कळदा ओलांडून जातो, पण गोलाईत गेलेला चरा माहितीच्या ओळीबरोबरच धावतो आणि मग चूक सुधारण्यासाठी डिस्कवर राखून ठेवलेली माहितीही पुरत नाही. टूथपेस्टचा सल्ला सर्रास दिला जातो, तो कृपया ऐकू नये. डीव्हीडीमध्ये माहितीचा थर प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. व्हीसीडी आणि सीडीमध्ये मात्र तो छापील बाजूच्या अगदी लगत, संरक्षक लेपाच्या पातळ थराखाली असतो. त्यामुळे नाटकाची व्हीसीडी छापील बाजू खाली करून टेबलावर ठेवणे हे चमकती बाजू खाली ठेवण्यापेक्षा जास्त धोक्याचे आहे, आणि बॉलपेनने तिच्यावर नाव लिहिणे तर त्याहून वाईट.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तेथे जुने नामवंत प्लेअर अगदी कमी पैशांत मिळतात. पिकअप बदलण्याची तयारी असेल तर तेथून घेण्यास हरकत नाही, पण विकणारा डिस्क लावून दाखवण्यास तयार नसेल तर घेऊ नये.

कोथरूडकर यांनी लिहिले :

सर्वांचे मनापासून आभार. बुधवार पेठेतील सद्गृहस्थांनी विचारले होते तसे करून पाहिले. जुना प्लेअर सगळ्या व्हीसीडी आणि सीडी वाचतो, चित्रपटांच्या डीव्हीडी काही वाचतो, काही नाही, आणि लग्नाची एकही वाचत नाही. म्हणजे आपले निदान बरोबर दिसते. माझ्या दिरांच्या जुन्या लॅपटॉपवर लग्नाच्या दोन्ही डिस्क मात्र व्यवस्थित उघडल्या. त्यांचे फोल्डर उतरवून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले आहेत. सासूबाईंनी त्यात त्यांच्या दिवंगत थोरल्या जाऊबाईंना विहिणीची ओटी भरताना पाहिले, आणि तो भाग पुन्हा लावायला सांगितला.

एचडीएमआय असलेला नामवंत कंपनीचा प्लेअर सव्वातीन हजारांत मिळाला. तिन्ही डिस्क दुकानात लावून, चित्रपटाच्या शेवटच्या भागापर्यंत जाऊन पाहिले. डिस्क काढून पुन्हा घातल्यावर नाटक त्याच जागेवरून पुढे चालू झाले.

आता दोन अडचणी राहिल्या आहेत. पहिली अशी, की व्हीसीडीचा आणि लग्नाचा आवाज छान येतो, पण काही चित्रपटांच्या डीव्हीडीला चित्र येते आणि आवाज अजिबात येत नाही. दुसरी अशी, की मुंजीच्या वेळी सासऱ्यांच्या मित्राने स्वतःच्या हँडीकॅमवर तळहातात मावतील एवढ्या लहान डिस्कवर थोडे चित्रण केले होते. ती डिस्क नव्या प्लेअरमध्येही लागत नाही आणि लॅपटॉप ती कोरी असल्याचे सांगतो. ती खराब झाली असे समजावे का?

बुधवार पेठ दुरुस्ती यांचे उत्तर :

आवाजाची अडचण सेटिंगची आहे. त्या चित्रपटांचा आवाज डॉल्बी डिजिटल पद्धतीचा असणार आणि आपला प्लेअर तो न उलगडता एचडीएमआयमधून तसाच पुढे पाठवत असणार. संचाला तो उलगडता येत नसेल तर संच गप्प राहतो. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउट’ किंवा ‘एचडीएमआय ऑडिओ’ असे काहीतरी असेल, तेथे ‘बिटस्ट्रीम’, ‘रॉ’ किंवा ‘ऑटो’ याऐवजी ‘पीसीएम’ निवडावे. मग प्लेअर स्वतःच आवाज उलगडून साध्या दोन वाहिन्यांत देईल. तरीही आवाज आला नाही तर रिमोटवरील ‘ऑडिओ’ बटण एकदा दाबून डिस्कवरील दुसरा आवाज निवडून पाहावा, कारण काही डिस्कवर डीटीएस पद्धतीचाही आवाज असतो आणि साधे प्लेअर तो उलगडत नाहीत.

लहान डिस्क फेकू नये. ती ८ सेंटिमीटरची, १.४ जीबीची डिस्क असणार. हँडीकॅमवर चित्रण संपल्यावर ती ‘फायनलाइझ’ करावी लागते, म्हणजे तिच्यावर अनुक्रमणिका लिहून ती कायमची बंद करावी लागते. ते केले नसेल तर इतर बहुतेक यंत्रे तिला कोरी किंवा अनोळखी समजतात, जरी चित्रण आत शाबूत असले तरी. खिडकीशी उजेडात तिरकी धरून पाहावी : मध्याजवळ एक पट्टा गडद आणि बाहेरचा भाग वेगळ्या छटेचा दिसला, तर गडद भागापर्यंत चित्रण झालेले आहे. सासऱ्यांच्या मित्रांकडे तो हँडीकॅम अजून असेल तर त्यातच ती घालून, चार्जर जोडलेला ठेवून, मेनूमधून फायनलाइझ करावी. मध्येच वीज गेली तर डिस्क हाती लागणे कठीण होते, म्हणून बॅटरीही पूर्ण भरलेली आत असू द्यावी. तोच हँडीकॅम मिळाला नाही तर निदान त्याच कंपनीचा, त्याच पद्धतीची डिस्क चालणारा शोधावा. आणि संगणकाने ‘डिस्क फॉरमॅट करू का’ असे विचारले तर तेथे ‘नाही’ म्हणावे.

कोथरूडकर यांनी लिहिले :

पीसीएम निवडल्यावर सगळ्या चित्रपटांचा आवाज आला. सासऱ्यांनी सदाशिव पेठेतल्या त्या मित्रांना लगेच फोन केला. हँडीकॅम त्यांच्या माळ्यावर आहे, चार्जर मात्र शोधावा लागेल, असे ते म्हणाले. डिस्क उजेडात धरल्यावर मध्याजवळचा गडद पट्टा स्पष्ट दिसतो.